जावयाने केलेली वायरिंग

ते प्रकरण अजूनही माझा पिच्छा सोडत नाही. गंमत अशी, की जागेपणी ते फारसं आठवत नाही. निवृत्तीनंतर मी चिखलीत घर बांधलं. उन्हाळ्यात जेवण झालं की कूलरसमोर आडवा होतो. ओल्या वाळ्याचा वास येतो, पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते, आणि डोळा लागतो न लागतो तोच मी अमडापूरकडच्या त्या गावातल्या गल्लीत उभा असतो. ऊन पांढरं पडलेलं, सगळी दारं लोटलेली, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज येतोय. बायको उठवते आणि म्हणते, "झोपेतही चौकशी चालूच का तुमची?" मी कूस बदलतो.

गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

वैशाखातली दुपार होती. ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि मला सांगितलं, "साहेब, कूलरचा शॉक लागून एक इसम मयत." उन्हाळ्यात आमच्या भागात हे काही नवीन नाही. पत्र्याचा कूलर, खाली पाण्याचं थारोळं, अनवाणी पाय. मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली, लिखापढीला रायटर सोबत घेतला आणि गाडी काढली.

मयत म्हणजे साठीतला शेतकरी, बायको आधीच गेलेली, एकटाच राहणारा. कोपऱ्यावरचं नीटनेटकं सिमेंटचं घर. अंगणात पाण्याने काठोकाठ भरलेले ड्रम, कूलरमध्ये सोडलेला नळाचा पाइप, आणि कडेला माणूस. चेहरा शांत होता. शेजाऱ्याने कोरड्या काठीने त्याला बाजूला ओढलं होतं आणि मेन बंद केला होता. हा शेजारी मयताच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्ता तं बोलून राह्यला होता माह्याशी."

इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनासाठी चिखलीला रवाना केलं. मग पंचांसमोर मेन सुरू केला आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. काहीच नाही. दिवा पेटेना. कूलर चालू केला, पुन्हा लावला, तरी नाही. गार हवा तोंडावर यायला लागली. ज्या यंत्राने घटकाभरापूर्वी माणूस मारला, त्याच यंत्राच्या हवेने मला झोप येऊ लागली होती. रायटर माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "लिही, करंट आढळून आला नाही."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पलीकडचा माणूस नाव सांगेना. "मर्ग नोहे साहेब, खून हाय. वायरिंग कोनं केली थे विचारा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

विचारलं. वायरिंग जावयाने केली होती. मयताला एकच मुलगी, ती देऊळगाव राजाला दिलेली. जावई तिथे वायरमन. सासऱ्याची जमीन आज ना उद्या मुलीकडेच यायची. एवढं कळल्यावर गावाला आणखी काय लागतं? शिवाय आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, कामाला लावत नाहीत. हा तर सासरी येऊन शिडीवर चढला होता. त्या वेळी अख्खी गल्ली बघायला जमली होती म्हणे. "जावयाले शिडीवर चढवतात का बे?" म्हणून सोबती सासऱ्याला चिडवत, आणि सासरा खालून शिडी धरून लाजत हसत होता. तेव्हा जी थट्टा होती, तीच आता संशय झाली. जावई स्वतःहून कशाला राबला असेल फुकट?

विद्युत निरीक्षक आले. त्यांनी घरातला एकेक बोर्ड उघडून पाहिला, कूलरची मोटर तपासली, अंगणातला अर्थिंगचा खड्डा मोजून घेतला. त्यांचं म्हणणं असं, की सॉकेटची जोडणी अगदी बिनचूक आहे, कूलरमध्ये दोष नाही, खड्डाही पुरेसा खोल आहे, कोळसा-मीठ सगळं रीतसर भरलेलं आहे. फक्त जो ओला ठेवावा लागतो, तो खड्डाच कोरडा ठणठणीत होता. "पण नुसत्या कोरड्या खड्ड्याने माणूस मरत नाही," ते म्हणाले. "करंट कुठून तरी यायला पाहिजे. तो कुठून आला ते मला दिसत नाही." ते चहा घेऊन निघून गेले आणि मी होतो तिथेच राहिलो.

दशक्रिया झाल्यावर जावयाला बयानासाठी बोलावलं. सडपातळ, तिशी ओलांडलेला, डोक्याचे केस काढलेले. सासऱ्याला मुलगा नव्हता, अग्नी यानेच दिला होता. मी टेबलावर जप्त केलेला कूलरचा बोर्ड ठेवला आणि म्हटलं, "हे तुझं काम?"

"हाव जी."

"सांग मग, काय केलंस?"

मला वाटलं होतं, घाबरेल. त्याने बोर्ड हातात घेतला, सदऱ्याच्या बाहीने त्यावरची धूळ पुसली आणि शांतपणे सांगायला लागला. "समोरून पाहा जी. उजव्या हाताले फेज, डाव्या हाताले न्यूट्रल, अन् वरचं मोठं भोक थे अर्थिंगचं. पिन लंबी काऊन असते? लावतानी आधी थे टेकली पाहिजे, काढतानी शेवटी सुटली पाहिजे. हिरवी तार घरातल्या हरेक बोर्डातून फिरवली, अन् अंगनातल्या खड्ड्यातल्या पाइपाले जोडली. करंट पत्र्यात उतरला तं मानसाच्या अंगात जायच्या आधी जमिनीत गेला पाहिजे. लोक हिरवी तार वाचवतात. म्या नाही वाचवली. सासऱ्याचं, आबाचं घर होतं थे."

खोलीत पंखा संथ फिरत होता. बाहेर लिंबाखाली कोणाची तरी सायकल पडली, तो आवाजसुद्धा पाण्याखालून आल्यासारखा वाटला. माणूस खोटं बोलतोय असं मला कुठेच जाणवेना, आणि त्याचाच मला राग यायला लागला.

तेवढ्यात त्याने विचारलं, "खड्ड्यात पानी होतं का जी?"

"नव्हतं. कोरडा होता."

त्याने बोर्ड खाली ठेवला. इतका वेळ सरळ बोलणारा माणूस एकदम मिटला. मी विचारलं, पाणी कोण टाकायचं? उत्तर नाही. तू सांगितलं होतंस का टाकायला? उत्तर नाही. सासरा मरायच्या आधी कुठे होता? त्याने फक्त एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि मान खाली घातली.

माझं टाळकं सरकलं. "आत्ता तर पोपटासारखा बोलत होतास, आता काऊन दातखीळ बसली बे?" माझा आवाज पार बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. तो गप्प तो गप्पच. रायटर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, हे तं कबूलच झालं समजा." मीही तसंच समजलो. नोकरीत हेच शिकलो होतो आणि हेच शिकवत होतो, की नेमक्या जागी गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो.

बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. मी बाहेर आलो तशी उठून उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"साहेब, यायनंच मारलं का माह्या बाबाले? मले खरं सांगा."

"चौकशी चालू आहे, ताई."

"मले कोनाले धरून बसावं थेच कळून नाही राह्यलं. बाप तं गेला. आता हेही गेले तं मी कोनाच्या घरात राहू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मरायच्या आधी बाबा माह्याच घरी होते. निघतो निघतो म्हनत होते. मीच म्हटलं, राहा न बाबा अजून, कोन वाट पाहते तिकडं? बालाजीचं दर्शन केलं, पोरायसंग खेळले. ज्या सकाळी वापस गेले, त्याच दुपारी…"

तिला पाणी द्यायला सांगून मी आत गेलो. त्या वेळी तिच्या बोलण्यात मला आईवेगळ्या लेकीच्या दुःखापलीकडे काही ऐकू आलं नाही.

निनावी फोन पुन्हा आला. गावातली चार मंडळीही येऊन बसली. संशय जावयावर, जमिनीचं कारण समोर, आणि आरोपी गप्प. अटक दुसऱ्या दिवशी दाखवायची असं ठरलं. त्याआधी घटनास्थळाचा नकाशा पुरा करायचा राहिला होता, म्हणून मी दुपारी रायटरला घेऊन पुन्हा त्या गावात गेलो.

ती दुपार मी कशी सांगू? गल्लीत माणूस नव्हता. उन्हाने भिंतींच्या कडा हलत होत्या. एक कुत्रं नालीत पोट टेकवून झोपलं होतं. घरोघरचे कूलर एका सुरात घरघरत होते आणि त्या घरघरीत मला आपण चालतोय की तरंगतोय ते कळेना. रायटर मयताच्या अंगणात टेप धरून उभा होता, मी ओट्याच्या सावलीत बसलो, आणि कबूल करतो, मला डुलकी लागली.

जाग आली ती सूं-सूं अशा आवाजाने. नळातून हवा येत होती. मग कुणीतरी बाई ओरडली, "नळ आले व, नळ आले!" आणि झोपलेली गल्ली एका क्षणात उठली. त्या गावात पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी सुटायचं, तेही कधी सुटेल त्याचा नेम नाही. दारं उघडली, पाइप अंथरले, घागरी, पिंप, पातेली बाहेर आली. घरोघरी नळाला लावलेल्या मोटरी सुरू झाल्या. पाण्याचा वास आला. मी अर्धवट झोपेतच ते बघत होतो आणि मला वाटलं, तो मेला त्या दिवशीही हेच चाललं असणार. ड्रम भरलेले होते. तो कूलर भरत होता.

शेजारच्या अंगणात तो सोबती बादलीने पाणी भरत होता. बादली भरायची, टाकीपर्यंत वाहायची, धापा टाकत परत यायचं. त्याची बायको पदर खोचून ओरडली, "अहो, मोटर लावा न! पानी जाईल तोवर. आंदी तं लावत होते, आता काऊन हात तोडून घेऊन राह्यले?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी कुंपणापाशी गेलो. "काका, मोटर बिघडली का?"

"नाही जी. न्यूट्रल नाही आमच्या खांबाले. कधीचा तुटला."

"मग आधी कशी चालत होती?"

त्याच्या हातातली बादली कलंडली. पाणी त्याच्या पायावरून वाहत माझ्या बुटापर्यंत आलं. 

वाचकांसाठी सोपं करून सांगतो. विजेला यायला एक तार लागते आणि परत जायला एक. परतीची तार म्हणजे न्यूट्रल. ती तुटली की आमच्याकडचे लोक जमिनीत सळई गाडतात आणि जमिनीलाच परतीची वाट करतात. त्याला म्हणतात अर्थिंग घेणं. वैशाखात जमीन वाळली की त्या सळईवर बल्बसुद्धा मिणमिणतो. पण मयताच्या कोपऱ्यावरच्या घराचा खांब वेगळा होता, तिथे सगळं ठीक होतं, आणि अंगणात जावयाने केलेला, रोज पाणी मिळणारा, गावातला सगळ्यात चांगला अर्थिंगचा खड्डा होता. तेव्हा विरजण मागावं तसं सोबत्याने सोबत्याकडे अर्थिंग मागितलं.

"म्या विचारलं होतं जी त्याले," तो ओट्यावर बसून सांगू लागला. "म्हटलं, तुह्या खड्ड्याले माही एक तार टाकू का? तं म्हने, टाक न बे, जमीन का माह्या बापाची हाय? सोताच्या हातानं बांधून देली त्यानं पाइपाले. त्या दिवशी नळ आले, म्या मोटर लावली. रडत रडत चालून राह्यली होती. तिकडून थो म्हने, मी कूलर भरून घेतो. अन् मंग…"

"आणि तार?"

"तुम्ही येनार म्हनून काढून घेतली. चोरीची केस लावतात न जी वीज कंपनीवाले. पोटापायी घाबरलो. पन अर्थिंगात करंट नसते साहेब! अर्थिंग तं जमीन हाय. सारं गाव घेते. वायरिंग त्या पोरानं केली, चूक त्याचीच असन, असंच वाटलं मले. नाव न सांगता फोनही म्याच केला होता."

मी त्याच्या शेजारी बसलो. गुन्हेगाराला गुन्हा समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, "काका, तुमच्या मोटरीत गेलेला करंट त्या तारेने त्यांच्या खड्ड्यात जात होता. खड्डा ओला असता तर जमिनीने पिऊन टाकला असता. तो कोरडा होता. करंटला खाली जाता येईना, म्हणून तो हिरव्या तारेने उलटा त्यांच्या घरात शिरला. सगळ्या बोर्डांत, कूलरच्या पत्र्यात. तुमची मोटर बंद झाली की तोही गेला. म्हणून आम्हाला सापडला नाही."

तो अगदी हळू म्हणाला, "म्हंजे माह्या पान्यासाठी गेला थो?"

मला हो म्हणावं लागलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून जो हंबरडा फोडला, त्याने सगळ्या गल्लीतल्या मोटरी एकामागून एक बंद झाल्या. लोक ओल्या हातांनी कुंपणाशी येऊन उभे राहिले. पाणी मात्र नळांमधून नुसतं वाहत होतं.

निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. पंचांसमोर जप्त केलेला बोर्ड परत बसवला, तीच तार, तीच मोटर जोडली आणि कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. या वेळी दिवा लख्ख पेटला. सोबत्यावर हयगयीचा गुन्हा दाखल झाला, कायद्याने तो व्हायलाच हवा होता. वीज कंपनीच्या माणसांनी त्या खांबाचा न्यूट्रल जोडून दिला. जावयावरचा संशय गेला.

शेवटच्या बयानासाठी ती दोघं नवरा-बायको ठाण्यात आली, तेव्हा मला बरं वाटत होतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, "तुझं काम चोख होतं. निरीक्षक साहेबांनी तसं लिहून दिलंय." त्याने नुसती मान हलवली. तिने सही केली, पेन ठेवलं आणि मला विचारलं, "साहेब, एक गोष्ट मले उमजत नाही. बाबा तं रोज सकाळी खड्ड्यात बादलीभर पानी टाकत. मंग थो कोरडा काऊन होता?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. तिचे बाबा रोज पाणी टाकत, पण ते घरी असतील तर. ते तिच्याकडे होते. तिने ठेवून घेतलं म्हणून जास्त दिवस होते. हे त्याला त्याच दिवशी, त्याच टेबलाशी, मी "कोरडा होता" म्हणालो तेव्हाच कळलं होतं. एक वाक्य बोलला असता तर माझा संशय तिथेच ढळला असता. ते वाक्य खिडकीतून बाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या कानावर गेलं असतं, म्हणून तो खुनाचा आळ घेऊन गप्प बसला होता.

इतक्या लोकांना बोलतं केलेला मी, टेबलावरची सुपारी चिवडत बसलो. तो मात्र बायकोकडे वळला आणि अगदी सहज आवाजात म्हणाला, "खड्डा उथळ झाला होता व. खाली दगड लागला, म्या कंटाळा केला, अजून खोदलं नाही. उथळ खड्डा उन्हाळ्यात दम धरत नाही, कितीही पानी टाक. थेवढी चूक माहीच."

खड्डा पुरेसा खोल असल्याचं निरीक्षकांचं लेखी मत माझ्या हाताखाली पडलं होतं. मी त्यावर हात तसाच ठेवला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल, रडेल, उठून जाईल. तिने त्याच्या डोक्यावर उगवलेल्या खुरट्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही तरी किती खोदनार होते एकट्यानं. जाऊ द्या."

चहा तसाच ठेवून ती दोघं गेली. देऊळगाव राजाची बस पकडायची होती.

माणूस गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असं मी अर्धं आयुष्य धरून चाललो होतो. त्या दिवसानंतर कोणी समोर गप्प बसला की मी आवाज चढवायच्या आधी बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते पाहून यायचो. माझ्या ठाण्यात, माझ्या देखत एका साक्षीदाराने धडधडीत खोटं सांगितलं आणि मी ते नोंदवलं नाही. त्याचा मला आजवर एकदाही पस्तावा झालेला नाही.